चौतिसाव्या वर्गाची दोन कार्डं

(यॉर्कशरमधलं एक खेडं, सप्टेंबरातला शनिवार, सकाळचे आठ. एक्याऐंशी वर्षांची एडना थ्वेट आणि तिची मुलगी हेस्टर स्वयंपाकघरात आहेत. टेबलावर दोन रिकाम्या फुलदाण्या, खाली कालच कापून ठेवलेल्या फुलांची बादली. गावात आज फुलांची वार्षिक स्पर्धा आहे; साडेनवाच्या आत हॉलमध्ये फुलं मांडून व्हायला हवीत.)

एडना: पाकिटात दोन कार्डं कशी आली गं?

हेस्टर: दोन मागितली म्हणून दोन आली.

एडना: दरवर्षी एकच येतं.

हेस्टर: यंदा दोन. दोन्हींवर चौतीस नंबर आहे, बघ की. चौतिसावा वर्ग, शरदातली घरची फुलं, एका फुलदाणीत. एक कार्ड तुझं, एक माझं.

एडना: तुझं कसलं कार्ड?

हेस्टर: माझ्या नावाचं. यंदा मी माझी वेगळी फुलदाणी ठेवणार आहे, आई. त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर.

एडना: माझ्या विरुद्ध.

हेस्टर: तुझ्या शेजारी.

एडना: शेजारी म्हण नाहीतर उरावर म्हण. अकरा वर्षं तो कप या घरात येतोय. आता माझ्या पोटची मुलगीच समोर उभी राहणार आणि ती दरवर्षी हरणारी लॉफ्टहाउसबाई मजा बघणार. दुपारपर्यंत गावभर करेल, थ्वेटच्या घरात फाटलं म्हणून.

हेस्टर: करू दे. तिच्यामुळेच तर मला हे सुचलं.

एडना: तिनं काय केलं तुझं?

हेस्टर: गेल्या वर्षी कप मिळाल्यावर चहाच्या वेळी तिनं मला विचारलं, तू आईला काय मदत करतेस? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ती बादल्या उचलते. सगळ्या बायका हसल्या. मीपण हसले. घरी येऊन त्याच बादल्या धुतल्या, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एडना: गमतीनं म्हटलं होतं मी.

हेस्टर: गंमत तुझी झाली. ती फुलदाणी कोणी मांडली होती? हात थरथरतात म्हणून तू खुर्चीत बसलीस आणि मी एकेक काडी लावली. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. तू फक्त फोटोला उभी राहिलीस.

एडना: मी सांगत होते ना कुठं काय लावायचं.

हेस्टर: तू एवढंच सांगत होतीस, उंच घे, उंच घे. तेवढं लॉफ्टहाउसबाईचा कुत्रापण सांगेल.

एडना: जीभ सांभाळ. बाग कोणाची आहे?

हेस्टर: आलीस का तिथं. मला माहीतच होतं.

एडना: येणारच. तुझे वडील होते तेव्हा मागं नुसता चिखल होता आणि सात कोंबड्या. ते अ‍ॅस्टर मी लावले, तू शाळेत जात होतीस. अ‍ॅनिमोन माझ्या मावशीच्या दारातून आणले, ओल्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, दोन बस बदलून. आणि काल आलेली तू मला कार्डं दाखवतेस.

हेस्टर: काल? नऊ वर्षं झाली. तू जिन्यावरून पडलीस म्हणून सहा आठवड्यांसाठी आले होते. लीड्सचं घर गेलं, नोकरी गेली, मी इथंच.

एडना: मी नव्हतं बोलावलं.

हेस्टर: नव्हतंस. तू कधीच कुणाला बोलावत नाहीस, काही मागत नाहीस, फक्त दुसऱ्यानं केलेलं आपल्या नावावर घेतेस. कडाका पडून डेलियाची पानं काळी पडली की कंद कोण उकरतं? वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये कोण ठेवतं? गोगलगायी कोण वेचतं? काठ्यांवर उलट्या कुंड्या घालून, त्यांत गवत कोंबून, रात्री त्यात शिरलेले किडे रोज सकाळी कोण झटकतं? मी. आणि जानेवारीत कॅटलॉग आला की रोपं कोण निवडतं? तू.

एडना: निवडायला अनुभव लागतो.

हेस्टर: यंदा मी सात रोपांवर पेन्सिलनं गोल केले होते. या इथंच, याच टेबलावर. तू एकेका पानावर नको, नको, भडक आहे, नको करत गेलीस. नीट बघितलंसुद्धा नाहीस. शेवटी तीच तुझी जुनी सहा नावं सांगितलीस. मी तुझी यादी पोस्टात टाकली आणि रागानं माझी वेगळी मागवली.

एडना: कुठं लावलीस?

हेस्टर: शेडमागं, कपड्यांच्या दोरीपाशी. डेलिया, काळसर लाल. जुलैपासून फुलतायत. तू रोज तिथं कपडे वाळत घालतेस आणि एकदाही विचारलं नाहीस की हे काय आहे. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय. बघून न बघितल्यासारखं करतेय.

एडना: मुद्दामच केलं.

हेस्टर: छान. मग माझं कार्ड मला दे.

एडना: घे. पण नियम माहीत आहेत ना? ज्याची फुलदाणी त्यानंच फुलं वाढवलेली हवीत आणि त्यानंच मांडलेली हवीत. एका बादलीतून दोघींनी घेतलेलं चालायचं नाही. वाटणी कर. माझं मला, तुझं तुला.

हेस्टर: करते. अ‍ॅस्टर.

एडना: माझे.

हेस्टर: दर तीन वर्षांनी खणून, मुळं फोडून, परत लावते मी.

एडना: मुळं कोणाची?

हेस्टर: बरं, घे. पिवळ्या डेलिया?

एडना: कंद माझे.

हेस्टर: कंद तुझे. मी नसते तर ते कधीच कुजून गेले असते. निम्म्या तुला, निम्म्या मला. शेवंती?

एडना: ती दोघींनी लावलीये. तू खड्डे केलेस.

हेस्टर: खड्डे तरी मान्य झाले. मग तीपण निम्मी. पांढरं कॉसमॉस माझं. बी मी पेरलं, या खिडकीत, मार्चमध्ये. आणि लाल डेलिया सगळ्या माझ्या.

एडना: ठेव तुला. अ‍ॅनिमोनला मात्र हात लावायचा नाही.

हेस्टर: तेच बाजूला काढतेय. पांढरी फुलं इकडं आहेत सगळी.

एडना: सर, माझी मी घेते. ही बघ माझ्या मावशीची फुलं. तीस वर्षं झाली, अजून तशीच आहेत. तुझ्या कॅटलॉगातलं एक तरी टिकेल का इतकं?

हेस्टर: आई.

एडना: काय आई?

हेस्टर: तुझ्या हातात कॉसमॉस आहे.

एडना: देठांवरची पानं कोणी काढली? पानं असती तर कळलं असतं.

हेस्टर: पानं नेहमीच काढतो आपण. फुलावरून नाही कळत?

एडना: घाई करतेस म्हणून गोंधळ होतो.

हेस्टर: ही किती बोटं आहेत?

एडना: पोरखेळ नकोत.

हेस्टर: किती, सांग.

एडना: नाही सांगता येत. कडेचं दिसतं मला, मधलं जातं. तुझ्याकडं बघितलं की तुझे कान दिसतात. तोंड दिसत नाही. झालं समाधान?

हेस्टर: कधीपासून?

एडना: दोन वर्षं होतील.

हेस्टर: डॉक्टरला दाखवलंस?

एडना: क्लिफर्डनं नेलं होतं त्याच्या गाडीतून. तुला सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडं जाते. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही.

हेस्टर: म्हणजे शेजारच्या क्लिफर्डला माहीत आहे. मी या घरात राहते, तुझी अंडी उकडते, तुझी पायाची नखं कापते, आणि मला माहीत नाही. हात थरथरतात म्हणालीस ते?

एडना: हातांना काही झालेलं नाही.

हेस्टर: आणि कॅटलॉग?

एडना: तू पान पुढं सरकवलंस आणि बोट ठेवून म्हणालीस, बघ. मला तिथं एक लाल डाग दिसला. डाग मागवू का मी? जी नावं तोंडपाठ होती ती सांगितली. दोरीपाशी पण काहीतरी लाल हलताना दिसायचं. मला वाटलं, शेजाऱ्यांचा टॉवेल.

हेस्टर: आठ महिने जळत होते मी तुझ्यावर. त्या झाडांना पाणी घालताना रोज तुला शिव्या दिल्यात. एका शब्दानं सांगता आलं नाही तुला?

एडना: सांगितलं असतं तर आधी कात्री काढून घेतली असतीस. मग शेगडी. मग म्हणाली असतीस, आई, तू आत बस, बाहेर ओलं आहे.

हेस्टर: मी असं कधी केलं असतं?

एडना: केलंस की. हात थरथरतात एवढंच म्हटलं तर धावत खुर्ची आणलीस. मी बसले आणि दोन वर्षं मला कोणी ऊठ म्हटलं नाही. मग त्या बायकांसमोर काय सांगणार होते मी? की सगळं हिनंच केलंय आणि मला फुलं दिसतसुद्धा नाहीत? तोंडात आलं ते बोलले. बादल्या.

हेस्टर: ते चुकलंच तुझं.

एडना: चुकलं. मला भीती वाटत होती.

क्लिफर्ड: पावणेनऊ झाले. गाडी दाराशी लावलीये. हे काय, अजून रिकाम्याच फुलदाण्या?

हेस्टर: दाताचे डॉक्टर बरे आहेत ना, क्लिफर्ड?

क्लिफर्ड: तिनं शपथ घातली होती मला. मी काय करणार?

हेस्टर: गाडीत बसणार. नऊपर्यंत.

क्लिफर्ड: बसतो. इंजिन चालू ठेवू का बंद?

एडना: बंद ठेव. हेस्टर, तू जा तुझं घेऊन. मी नाही ठेवत यंदा.

हेस्टर: असं चालायचं नाही. तासभर माझ्याशी भांडलीस, वाटणी करून घेतलीस, आता माघार नाही. हात ठीक आहेत ना? ही तुझी फुलदाणी, हे तुझे अ‍ॅस्टर, हे अ‍ॅनिमोन, मीच वेगळे काढलेत. लाव.

एडना: तू बघत बसू नकोस.

हेस्टर: मला माझी पण लावायचीये. मला वेळ नाही तुझ्याकडं बघायला.

एडना: अ‍ॅस्टर मागं घातले. शेवंती आणि अ‍ॅनिमोन मध्ये. पिवळं एक पुढं वाकवलं. झालं. कसं दिसतंय?

हेस्टर: खरं सांगू?

एडना: खोटं दोन वर्षं मी बोलतेय. तू नको.

हेस्टर: उजवीकडं सगळी गर्दी झालीये. डावीकडं एवढी मोठी मोकळी जागा आहे. आज तिसरा नंबरपण येणार नाही.

एडना: मग घाल ना एक काडी तिथं.

हेस्टर: नाही घालणार.

एडना: कुणाला कळतंय?

हेस्टर: मला कळतंय. मी घातली की ती तुझी राहत नाही. दोन वर्षं माझ्या फुलदाणीवर तुझं नाव लागलं. आता तुझ्यावर तुझं, माझ्यावर माझं.

एडना: सूड उगवतेस.

हेस्टर: थोडा उगवतेय. हात डावीकडं ने. अजून. तिथं अंगठ्याला काही लागत नाहीये ना? तीच मोकळी जागा. अ‍ॅस्टरची आखूड काडी घे. आखूड म्हटलं, आई. आता जरा खाली दाब.

एडना: आता?

हेस्टर: आता बरी दिसतेय. कप मिळेल असं नाही म्हणत. बरी आहे.

एडना: तुझ्या त्या डेलियांतली एक दे इकडं. कानापाशी धर, बाजूनं दिसतं मला. हाच का तो टॉवेल? चांगली ताटलीएवढी आहे की.

हेस्टर: कशी वाटली?

एडना: भडक आहे.

हेस्टर: आहेच.

एडना: लॉफ्टहाउसबाईच्या घशाखाली चहा उतरायचा नाही आज.

हेस्टर: चल, कोट घाल. नऊ वाजून गेले. तुझ्या कार्डावर नाव लिहिलंय मी.

एडना: आणि तुझ्या?

हेस्टर: माझ्यापण लिहिलं.

एडना: काय लिहिलंस?

हेस्टर: काय लिहिणार? हेस्टर थ्वेट.

एडना: आण बघू. कुठं आहे? हे कोपऱ्यात मुंगी मेल्यासारखं दिसतंय ते? त्या ड्रॉवरमध्ये जाड काळं पेन आहे, जॅमच्या बरण्यांवर लिहायचं. त्यानं गिरव. मोठं लिही, कार्डभर.

हेस्टर: हसतील, आई. बारीकच लिहायची पद्धत आहे. परीक्षकांना वाचता येतं तेवढं.

एडना: त्यांना येतं गं. मला यायला हवं.