उशाखालचे हिरे

पेणच्या सोनाराकडे पाटल्या उजळायला टाकून चंद्रावतीबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी येऊन बसल्या सरूबाई आणि रोह्याला लग्न ठरलेली त्यांची लेक दीपिका. हिरा लाभतो का ते स्वप्नावरून बघायला घरी नेलेले हिऱ्यांचे दोन हार सरूबाईंनी सोनारापुढे ठेवले. एक जुन्या घडणीचा, एक नव्या.

“काकी, उशाखाली ठेवून झोपली ना दीपिका? कुठला हिरा लाभतोय?” सोनाराने सरूबाईंना विचारलं.

“हिला लग्न ठरल्यापासून झोप कुठली! मीच झोपले. नव्याच्या रातीला कायच दिसलं नाय.”

“आणि जुन्याच्या?”

“ही दिसली. सासरच्या झोपाळ्यावर, गळ्यात हार, नुसती हसत व्हती.”

“आये, मग जुनाच घेऊ!”

“नाय गो. नवाच घे.”

“अगो आये, सपान तर चांगलं पडलंय!”

“मी दारातून हाका मारीत व्हते. तू वळून बघितलं पन नाय.”

“म्हंजे लय सुखात व्हते मी?”

“व्हय. कधी बघितली नाय एवढी.”

चंद्रावतीबाईंच्या पाटल्या केव्हाच पुढ्यात आल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

“काकी, कुठला बांधू?” सोनाराने सरूबाईंना विचारलं.

“जुनाच बांधा. बसली हाय झोपाळ्यावर, तर बसू दे.”