निघणाऱ्याची चप्पल

ही दोन हजार चोवीस सालची गोष्ट. मांजराचं औषध घ्यायला बयाबाई नाशकातल्या जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतली हर्षाली, कुत्रा न्यायला आलेल्या वणीच्या चांगुणाबाई आणि दोघींच्या मधे साखळीला बांधलेला बंड्या कुत्रा.

“मावशी, आधीच सांगते, याला चार घरांनी परत केलंय,” हर्षाली चांगुणाबाईंना म्हणाली.

“चावतो का काय?”

“नाही हो. पाहुणा आला की शेपूट हलवतो. निघाला की त्याची चप्पल तोंडात धरून बसतो.”

“मंग?”

“मग काय! गंगापूर रोडला मुलगी बघायला आलेली मंडळी रात्रीपर्यंत अडकली. शेवटी लग्न ठरवूनच उठली.”

“ब्येस झालं की!”

“मुलीला तो मुलगा पसंत नव्हता. आता आमच्याकडे जागा नाही, आणि याला कुणी घेत नाही.”

“पायात बूट असला तर?”

“मग पायासकट धरतो. पण दात लावत नाही.”

“माझा शेखर हितंच नाशकात ऱ्हातो. घरी आला तर बूटबी काढीत नाय. उंबऱ्यातनंच इचारतो, बरी हाय ना आई? अन् चालला.”

“पण मावशी…”

“दे गं ती साखळी इकडं.”

बयाबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, तर त्यांची एक चप्पल बंड्याच्या तोंडात.

“बसा वो बाई घडीभर,” चांगुणाबाई म्हणाल्या, “कुठं जायची घाई हाय?”

गंगापूर रोडचं ते लग्न मोडलं. हर्षाली बंड्याची खुशाली बघायला वणीला जाते, ती मुक्कामाचे कपडे घेऊनच. शेखर आता उंबऱ्याबाहेरच बूट काढतो आणि जेवूनखाऊन, झोप काढून निघतो. बयाबाईंची चप्पल बंड्याबरोबर वणीलाच गेली. ती आणायला म्हणून त्या अजूनही जात असतात.