मीटर थांबतो का बघ

सकाळी नऊला पाइपच्या दुकानापुढे बहीण-भाऊ कुजबुजत उभे होते. रांगेत मागे असलेल्या शिंपिणीने कान टवकारले.

"नव्या पाइपचा चर बुजवायच्या आधी पाणी सोडून बघितलंस?"

"ताई, फरशीवाला दारात उभा होता गं."

"म्हणजे नाही."

"जोड पक्के होते."

"मग सगळे नळ बंद असताना मीटर का फिरतोय? पाइप बाबांच्या खोलीखालून गेलाय. उद्या हॉस्पिटलातून आणून त्यांना काय खड्ड्यात झोपवायचं?"

"पाइप खोलीपलीकडे वर येतो तिथे व्हॉल्व्ह आहे, तो बंद करायला बायकोला सांगितलंय. मीटर थांबला तर गळती पुढच्या नळांत, जमिनीखालचा पाइप ठीक."

"आणि नाही थांबला तर?"

भावाचा फोन वाजला.

"बोल. केलास बंद? आता मीटर बघ."

"काय म्हणतेय?"

"चष्मा शोधतेय."

"चला, पुढे या," दुकानदार म्हणाला. "किती फूट पाइप देऊ?"