पाडव्याला काढून टाकलेलं

जवाहर : ऊठ म्हणतोय न्हवं! सौद्याला माणसं याय लागल्यात. घरची सून अडतीच्या गादीवर बसलेली बघून काय म्हणत्याल?

ब्राह्मी : कॉम्प्युटर गादीवर हाय, अण्णा. स्वयंपाकघरात नेऊ का?

जवाहर : पुण्याचा कॉम्प्युटरवाला येतोय दुपारी. त्यो बघंल.

ब्राह्मी : तवर हळद कशी मोजणार? काट्याचं सॉफ्टवेअर उघडंना, नव्यानं टाकलं तर बसंना. दरवेळी तोच एरर.

जवाहर : सणापातूर तर झ्याक चालत हुतं.

ब्राह्मी : व्हय. मग गुढीपाडव्याच्या पूजेआधी तुमी दुकान झाडलं. कॉम्प्युटरबी झाडला का?

जवाहर : झाडला की. पाडव्याला दुकानात जुनं काय ठेवत न्हाई आपण. डॉटनेट सहा हुतं, डॉटनेट आठबी हुतं. एकाच नावाची दोन कशाला? जुनं काढलं.

ब्राह्मी : आवं, डॉटनेट म्हंजी सॉफ्टवेअरचा पाया. बिलाचं नवं सॉफ्टवेअर आठावर चालतंय, पण काट्याला सहाच लागतंय. आठ दिलं तर तो वळखच दावत न्हाई.

जवाहर : मग आठ काढ. बिलं हातानं लिहू.

ब्राह्मी : कायबी काढणार न्हाई. दोन्ही एका मशीनीत राहत्यात, कुणाची कुणाला अडचण न्हाई. सहा परत टाकतीय मी.

जवाहर : आवाज खाली! दुकान हाय हे.

ब्राह्मी : दुकानच हाय म्हणून बोलतीय. लग्न झाल्यापासनं सगळी बिलं मी करते, वर माडीवर बसून, तुमच्या लेकाच्या नावानं. व्यापारी म्हणत्यात, सम्मेदचं काम लय चोख. मला राग येतो, अण्णा. लय राग येतो.

जवाहर : आजोबापासनं रीत हाय. बाई गादीवर बसत न्हाई.

ब्राह्मी : जुनं ठेवत न्हाई म्हणता, मग ही रीत कशी ऱ्हायली?

(दारात टेम्पो थांबल्याचा आवाज. हमाल हरिबा हळदीचं पोतं उतरवतो.)

ब्राह्मी : सहा बसलं. आता काट्याचं टाकते... हां, घेतलं. हरिबाकाका, पोतं चढवा काट्यावर!

जवाहर : आकडा आला?

ब्राह्मी : आला. बघा की.

जवाहर : बरं झालं बाई. आता तरी ऊठ.

ब्राह्मी : न्हाई. आज वजनं मी घेणार, हितनंच.

जवाहर : लोक मला विचारत्याल, कोण बसलंय म्हणून. काय सांगू?

ब्राह्मी : माझं नाव सांगा.