पेटीचा भाता, माणसाचा भाता

मंडळी, एक सांगा — विडी एकानं ओढायची आणि दम दुसऱ्याला लागायचा, हा कुठला न्याय? करावं तसं भरावं, म्हणता ना? मग ऐका!

कृष्णाकाठच्या एका गावात गुंडोपंत पेटीवाले होते. राममंदिरात भजनाला साथ करायचे. माणूस देवभोळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. व्यसन एकच — विडी. तीही देवळात कधी नाही बरं का! घरी, पेटीच्या खोलीत. आणि खोलीची खिडकी कायम बंद. का? तर नदीची ओल लागून पेटीचे सूर गंजतील!

त्याच खोलीत त्यांची बायको, यमुनाक्का, देवाच्या वाती वळत बसायची. तीस वर्षं! रामनवमीला पाळणा म्हणायचा मान अक्कांचा. एका वर्षी दुसऱ्याच कडव्याला दम लागला, खोकल्याची उबळ आली, आणि अक्का पाळण्याची दोरी धरून खालीच बसल्या.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, किती वर्षं विडी ओढता? आता बोला! जिनं कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, तिला हा प्रश्न! बाईंनी मग पंतांना सांगितलं, तुम्ही सोडलेला धूर या ओढतात; छातीला धोका, हृदयालाही. खिडकी उघडून भागायचं नाही, घरात विडीच नको. पंत घरी येऊन म्हणाले, डॉक्टरीण अजून पोर आहे, पुस्तकातलं बोलते. मी तर धूर वर आढ्याकडे सोडतो! — वा पंत! धुराला पत्ता सांगून पाठवत होतात वाटतं!

श्रावणात पेटीचे तीन सूर बसले. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. लगोलग मिरजेहून दस्तगीर मिस्त्रींना बोलावणं. मिस्त्रींनी पेटी उघडली, सुरांवरून बोट फिरवलं — बोटाला पिवळा-काळा चिकटा.

"पंत, भाता खोलीतलीच हवा ओढतो. तुम्ही पेटीला विडी पाजलीत," मिस्त्री म्हणाले. "ही मी पुसून देतो. माणसाचा भाता कोण उघडून पुसणार?"

कोपऱ्यात अक्का खोकल्या. मग हळूच म्हणाल्या, "पेटी बिघडली, तर मिरजेहून मिस्त्री आले. मी बिघडले, तेव्हा तुम्ही डॉक्टरीणबाईंनाच खुळ्यात काढलंत."

 पंत उठले, विड्यांचं बंडल घेतलं आणि — चुलीत टाकलं म्हणता? छे हो, त्याचाही धूरच! उकिरड्यात पुरलं.

लगेच सुटली का? नाही. दोन-चारदा नदीवर जाऊन चोरून ओढलीच. पण घरात पुन्हा काडी पेटली नाही, आणि पुढं तीही सुटली. पुढच्या रामनवमीला अक्का उभ्या राहिल्या. दोनदा थांबावं लागलं. गेलेलं सगळं परत येत नाही, मंडळी! पण त्या थांबल्या की पंत पेटीवर सूर धरून ठेवत, श्वास भरेपर्यंत वाट बघत. शेवटचं कडवं अक्कांनीच म्हटलं. बायकांनी गुलाल उधळला, आणि पंत? डोळे पुसायला हात मोकळा नव्हता!

नातवाला मांडीवर घेऊन विडी पेटवणारे इथं किती, मी विचारत नाही. देवळात कुणाला खोटं बोलायला लावू नये. घरी जा, आणि त्या लेकराच्या पाठीला कान लावा. आत राम श्वास घेतोय. त्याच्या तोंडावर धूर सोडायचा का, एवढं ठरवा — आणि मग आरतीला हात जोडा.