गुळवाला शिपाई

नाय नाय मास्तर, चुकलं तुमचं — ही पिशवी मधुची. आपला कचेरीतला मधु कारकून, नाटकात शूर शिपाई झालाय ना, शेवटी तलवार उपसून पद म्हणतो, त्याच्या कमरेला पाहिजे ही. तुम्ही गुळवाले शिपाई, तुमची वेगळी शिवलीय मी — ही बघा, गोणपाटाची, जरा फुगीर ठेवलीय, म्हणजे तुम्ही नुसते चाललात तरी लोक हसतील. ही कशाला आणलीत? ही खरी काडतुसांची पिशवी, ब्रह्मदेशातल्या लढाईतनं माझ्या कमरेला आलेली. घरी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला असते, रखमी कुणाला हात लावू देत नाय — काय म्हणता, तिनंच दिली? मंग मधुसाठी दिली असंल. माझ्या बायकोला मी ओळखतो ना, तुम्हाला मोखाड्याहून बदलून येऊन दोन महिने झाले, तुम्हाला काय ठाऊक. बसा. बकल तुटलंय तेवढं शिवतो आणि मधुकडे धाडतो.

ही पिशवी नसती तर रखमी माझ्या घरात नसती, मास्तर. साखरशेत गावचा मी, नाचणी लावायची सोडून पल्टणीत गेलो, सेहेचाळीस साली परत आलो — तेव्हा संस्थान होतं अजून, विलीन व्हायचं होतं, राजवाड्याचा बँड बाजारातनं माझ्यापुढं वाजत चालला. तुम्ही आता नाटकात घालणार ते डगले त्या बँडवाल्यांचेच, मी उसवून बेतलेत. माझ्या छातीवर पदक. पदक काय हो, पल्टणीत सगळ्यांनाच मिळालं, स्वयंपाक्याला पण मिळालं — पण जव्हारात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, मंग ते शौर्याचंच झालं. रखमीचं लग्न जंगलखात्यातल्या राखणदाराशी ठरलेलं. चांगला माणूस, वाघाच्या मागावर एकटा डोंगरात जायचा. पण तिनं मला बँडमागनं येताना बघितलं आणि बापाला म्हणाली, द्यायचं तर लढून आलेल्याला द्या. झालं. मी काय बोलणार? लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगणार होतो तिला. म्हणजे — लढाईच्या गोष्टी. लढाईच्या.

तुमच्या गुळवाल्याची गोष्ट पण हेडमास्तरांना मीच दिली, ठाऊक आहे का? नाटक लिहायला बसले आणि माझ्याकडे आले, म्हणाले, सखाराम, शूर शिपाई तर तूच आहेस, पण लोक हसले पाहिजेत, तुमच्या पल्टणीत काही गंमत घडली असंल तर सांग. मी म्हटलं, एक होता. त्याला भूक सोसायची नाय. काडतुसं तंबूत पेटीत ठेवायचा आणि पिशवीत रेशनातला गूळ भरायचा. एके दिवशी डोंगरावर गोळीबार सुटला, त्यानं न बघता पिशवीत हात घातला — गूळ. मंग ओढ्याच्या कपारीत पडून राहिला दिवसभर, आईला हाका मारत, गूळ खात, आणि बोटं इतकी चिकट झाली माझी की बंदूक सुटेना हातातनं — त्याची. त्याची बोटं म्हणतोय मी. संध्याकाळी साहेब आला. शत्रू आपला आपण निघून गेलेला, आणि हा सगळ्यांच्या पुढं एकटा, बंदूक घट्ट धरून. साहेबाला वाटलं, काय गडी आहे, अजून बंदूक सोडत नाय. पाठ थोपटली.

हसू नका. नाय, हसा — सगळेच हसतात. रखमी रोज तालमीला येते, तुम्ही बघताच, तुम्ही पिशवीत हात घातलात की पदराचा बोळा तोंडात कोंबून हसते. घरी भाकरी थापताना तुमचंच पद — काडतूस चावलं गं बाई, गोड लागलं. मी ताटावर बसलेला असतो, भाकरी कुस्करत. मधुचं तलवारीचं पद एकदा पण गुणगुणली नाय. उद्या नाटकाच्या मांडवात लढून आलेला म्हणून हेडमास्तर मला हार घालणार, ती पहिल्या रांगेत, आणि लगेच तुम्ही येणार आणि सगळा जव्हार हसणार मला — हां. मलाच. एव्हाना कळलं असंल तुम्हाला. लाज वाटते हो, दुसरं काय. नऊ वर्षं झाली, आता सांगायचं कसं, आणि नाय सांगितलं तर तो हार गळ्यात घालून बसायचं कसं?

आणि ह्या मुंग्या बघा. शिवणीतनं निघतात अजून. पिशवीचं किंतान, जाड कापड हो, गूळ प्यालंय ना, आणि रखमी धुऊ देत नाय, लढाईची माती आहे म्हणते. दर चार दिवसांनी खुंटीभोवती हळदीची रेघ ओढते, मी समजायचो पूजा करते —

थांबा जरा.

हळद. मुंग्या येऊ नयेत म्हणून. काडतुसांच्या पिशवीला मुंग्या कशाला लागतील, हे नऊ वर्षांत तिनं मला एकदा पण विचारलं नाय.

मास्तर, ती काय म्हणाली ते परत सांगा. जसंच्या तसं सांगा. ‘ही गुळवाल्याची.’ बरं. आणि? ‘हात कसा घालायचा ते आमच्या यांना विचारा, त्यांना चांगलं येतं.’ असं म्हणाली. आणि हसली का? तालमीत हसते तशी? का नुसतंच, पिशवीवरनं हात फिरवून? — तुम्ही बघितलं नाय. तुम्ही कशाला बघाल. तासाभरानं मला जेवायला घरी जायचंय, कोणत्या तोंडानं जाऊ ते सांगा आता.

जड का लागतेय ही? मला वाटलं बकलाचं वजन. — गूळ आहे आत. ताजा. कागदात बांधून दिलाय.

उभे राहा. पट्टा असा बांधायचा. मान वर, खाली बघायचं नाय, समोर डोंगर आहे आणि डोंगरात माणसं आहेत तुम्हाला मारायला आलेली. आता हात घालायचा, असा, काडतूसच लागणार म्हणून. बोटाला ते मऊ लागतं. तिथं थांबायचं. काही करायचं नाय, तसंच उभं राहायचं. लोक हसतील तेवढं हसू द्यायचं.

झाली तुमची तालीम. पिशवी न्या. गूळ राहू द्या इथं, आणि जाताना दार ओढून घ्या.