दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या

—खुर्च्या ना? आहेत की. एकतीस आहेत, मोजायला वाकू नका, कंबर धरेल. त्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघराला तुमच्याच माणसांनी सील ठोकलं ना, त्याच्या आदल्या दिवशी आल्या माझ्याकडे, बैठकीचा वेत बदलायला. काम दिलं, मी केलं. आता प्रार्थनाघरच बंद, मग परत करू कुणाला? तुम्हाला? ठेवाल कुठे? म्हणून पडल्यात. आठ महिने झाले— धूळ नाही? मी झाडतो. घाणेरडा वाटलो का तुम्हाला?

मी? छे, मी कसला ख्रिस्ती. चौथीत शाळा सोडली, खुर्च्या विणतो, देवाबिवाचं मला कळत नाही. बायको आहे— म्हणजे, बायको आहे एवढंच म्हणालो. वर माडीवर असते, गुडघे गेलेत तिचे, खाली उतरत नाही. उतरते कधीतरी. कुठल्या वारी ते कसं सांगू, मी काय वार लिहून ठेवतो? चाळीस वर्षं मागे लागलीय, एकदा तरी माझ्याशेजारी हात जोडून बसा म्हणून. मी म्हणतो, हात जोडले तर वेत कोण ओढेल? की झालं, दोन दिवस अबोला. तिला कशाला हाक मारताय? ऐकू येत नाही तिला. गाणं? कसलं गाणं? शेजाऱ्यांचा रेडिओ असेल. शेजारी गोदाम आहे, हो. मग गोदामातला असेल.

रांगेत का ठेवल्यात म्हणजे? मग काय झाडाला टांगू? तोंडं एकाच बाजूला— अहो, समोरासमोर ठेवल्या तर भांडतील का त्या? काहीतरीच विचारता तुम्ही. कपाटात बघायचंय, बघा. वेत आहे, हातोडी आहे, माझा जुना कोट आहे. दुसरं काही नाही. पण तो अंगठा— अंगठा कशाला दाबताय बैठकीत? काय म्हणालात? सैल? माझी वीण सैल? ओ साहेब, पन्नास वर्षं झाली या बोटांना, नखं बघा, एक धड राहिलं नाही, चार-चार तास पाण्यात भिजवलेला वेत, ओला असतानाच ओढून बसवतो मी, वाळला की पत्र्यासारखा वाजतो— सैल म्हणे! दर रविवारी दीड-दीड तास माणसं बसतात त्यावर, उठतात, गुडघे टेकतात, पुन्हा धपकन बसतात, तो बेकरीवाला एकटा दोघांच्या वजनाचा आहे, एवढं सोसून बोटभर खाली गेलीय फक्त, दुसऱ्या कुणाची असती तर पहिल्याच महिन्यात भोक—

हं.

लिहिलंत? लिहा. बेकरीवाला खोडा पण. तो मी उगाच म्हणालो, सगळेच बेकरीवाले जाडे असतात. दुकान माझं, कुलूप माझं, किल्ली ही माझ्या करगोट्याला. माझं नाव लिहा. बायकोचं काय? काही नाही. माडीवर असते, गुडघे दुखतात, सांगितलं ना एकदा! दोन-दोनदा काय विचारता? गुन्हा काय घालायचा ते तुम्ही ठरवा. ख्रिस्ती लिहा, चालेल. हिला कळलं तर हसेल पोटभर— चाळीस वर्षांत तिला जमलं नाही ते तुम्ही एका ओळीत केलंत.

येतो हो, चपला तर घालू द्या. तोवर ती भिंतीकडची खुर्ची दाबून बघा. दाबा. आता का मागे सरता, मघाशी तर अंगठा शिवशिवत होता. टणक आहे ना? तीही त्याच आठवड्यात विणली, त्याच वेताने. तिच्यावर कुणी बसत नाही. पाद्रीबाबांची आहे ती. चार माणसांत पुस्तक वाचलं म्हणून उचलून नेलंत तुम्ही त्यांना, सत्तरीच्या माणसाला कोठडीत फरशीवर बसवता म्हणे. तीही घेऊ बरोबर. नियमात नाही? मग नियमात काय, फरशी आहे का?

उचला तुम्हीच, माझी कंबर गेलीय. तसं नाही. खालून धरा. आणि पाय घासू नका उंबऱ्याला, आत्ताच पॉलिश केलंय.